शकुनताईने नदी ऐकवली

“शकुनताई गेली,” असा फोन आला तेव्हा मी बांधीत रोवणीला उतरले होते. पाण्यात आभाळ होतं, आभाळात धानाची रोपं… घरी कशी पोचले, आठवत नाही. साध्या तापाचं निमित्त झालं, एवढंच कानावर पडलं.

वैनगंगेच्या काठी, करडीकडच्या आमच्या गावात एका संस्थेचं छोटं रेडिओ केंद्र होतं. ताई बोलायची, मी यंत्र सांभाळायची. धानावरची कीड, लग्नातली गाणी, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं ती एकाच मऊ, संथ पण मोकळ्या आवाजात सांगायची. आपली बोली रेडिओतून येते म्हणून निंदण करणाऱ्या बाया हसायच्या. मग नदीकाठच्या विहिरी आटू लागल्या. रेतीचे टिप्पर नदी उपसून नेतात, असं बायांनी माइकसमोर सांगितलं आणि ताईने ते जसंच्या तसं ऐकवलं. लगेच संस्थेचे साहेब आले. “बातम्या द्यायची आपल्याला परवानगी नाही. रेतीचं नाव घ्यायचं नाही.” ताईने त्यांना चहा दिला. म्हणाली, “बरं साहेब, नाही घेत नाव.”

त्याच दुपारी ती मला वैनगंगेवर घेऊन गेली. गुडघाभर पाण्यात रेकॉर्डर धरून उभी राहिली, डोळे मिटून. पाण्याची झुळझुळ, एक टिटवी… मग लांबून टिप्परांची घरघर, वाढत वाढत इतकी, की पाणी ऐकूच येईना. संध्याकाळी ती माइकवर एवढंच बोलली, “आता आपली नदी आयका.” अंगणाअंगणांत लोक निजल्यासारखे गप्प बसून ऐकत होते म्हणे. सकाळी बाया घाटावर, टिप्परांच्या वाटेत जाऊन बसल्या, आणि त्या हंगामात टिप्पर तिथे उतरले नाहीत.

ताईला मात्र संस्थेने काढून टाकलं. मला रडू आवरेना, तर मलाच म्हणाली, “कायले रडून राहिली, मंदा? मी कोठी नाव घेतलं? नदीच बोलली.” पुढच्या वर्षी टिप्पर परत आले. केंद्रही बंद पडलं.

तेराव्यानंतर भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, त्यांच्याकडेच राहिलेल्या किल्लीने केंद्राची खोली उघडून दिली. आवाज घुमू नये म्हणून तिने घराघरांतून जुन्या गोधड्या मागून भिंतींवर टांगल्या होत्या. त्या तशाच होत्या, ओलसर, कुणाकुणाच्या लुगड्यांच्या… मी भाऊजींना काहीतरी विचारलं, अगदी कुजबुजत.

“हळू काहून बोलून राहिली, बाई? या खोलीत ती कोनालेच हळू बोलू देत नव्हती.”