बसच्या पट्ट्यातले निळे ड्रम

आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि त्या दुष्काळाच्या वर्षांत तो आठवडाही दहा-बारा दिवसांचा झाला होता. असल्या शहरात भर रस्त्यावर रिकामे ड्रम मांडून ठेवायचं ज्या साहेबांच्या डोक्यात आलं, ते नुकतेच बदलून आलेले असणार. त्यांच्या बंगल्यावर बहुधा रोज पाणी येत असेल.

ड्रमांशी आमचा संबंध आईच्या गुडघ्यामुळं आला. पाण्याच्या दिवशी बादल्या उचलताना ती पाय घसरून पडली आणि गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, पण पाय काठीसारखा ताठ राहिला. डॉक्टर म्हणाले, दीड महिना रोज व्यायाम करून घ्या. या दिवसांत गुडघा वळला तर वळला, नंतर काही होणार नाही. आईला बाकी कशाची हौस नव्हती. तिला फक्त पुन्हा मांडी घालून जेवायला बसायचं होतं.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई औरंगपुऱ्यात बसायच्या. आमचं घर जालना रोडला, पार चिकलठाण्याच्या बाजूला. रिक्षात आईचा पाय मावेना, तो बाहेर लोकांच्या हँडलला लागायचा. मग बस. पुढच्या लांब सीटवर तिला आडवी बसवायची, मी उभी. अकराची वेळ दिलेली, आणि दहा मिनिटं उशीर झाला की बाई पुढच्या पेशंटला आत घ्यायच्या. त्यांची चूक नव्हती. चूक त्या रस्त्याची होती. दोन्ही अंगांना फ्लॅटच्या इमारती वर चढत होत्या, आणि फ्लॅट बघायला आलेले लोक पाणी कुठून येणार ते विचारायच्या आधी गाडी लावायला जागा किती ते विचारत होते. त्या सगळ्या गाड्या क्रांती चौकात एकाच वेळी भेटायला यायच्या.

वडील रिटायर्ड कारकून. आईच्या गुडघ्यासाठी त्यांना दुसरं काही करता येईना, म्हणून त्यांनी अर्ज केला. विषय: बसकरिता स्वतंत्र मार्गिका मिळणेबाबत. एकदा नाही, पहिल्याच आठवड्यात तीनदा, आणि तिन्हीची शिक्का मारलेली पोच घेतली. पुढं खरोखरच रस्त्याच्या कडेनं बसचा पट्टा आखला गेला. तो काही आमच्या अर्जावरून आखला नसेल, पण वडील पोच खिशात घालून बसमध्ये चढायचे आणि कंडक्टरला दाखवायचे. कंडक्टर बिचारा तिकीट समजून बघायचा.

पट्ट्यात दुसऱ्या गाड्या शिरू नयेत म्हणून साहेबांनी कडेला ड्रम लावले. निळे, प्लास्टिकचे, कोरे करकरीत, झाकणासकट. बुडाशी थोडी वाळू आणि अंगावर लाल पट्टा.

पहिले चार दिवस स्वर्ग होता. बस न थांबता निघायची, बाजूला अडकलेले कारवाले आमच्याकडं बघायचे आणि आई त्यांच्याकडं बघून मान डोलवायची. चौथ्या दिवशी तिचा पाय खाटेच्या कडेवरून खाली वाकला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच रडले.

पाचव्या दिवशी ड्रम विरळ झाले. आठव्या दिवशी एकही उरला नाही. आमचे लोक सभ्य, ड्रम नेताना आतली वाळू जागच्या जागी रिकामी करून गेले होते. दोन दिवस बसचा पट्टा वाळूच्या ढिगांनी ओळखू यायचा. मग कुणाच्या तरी बांधकामाला वाळू कमी पडली आणि ढीगही गेले. पट्ट्यात टँकर उभे राहायला लागले. टँकरला हॉर्न मारायची हिंमत आमच्या शहरात कुणात नाही.

मी रोज लोकांना शिव्या घालत होते. पाण्याच्या दिवशी मागच्या ओट्यावर गेले, तर आईच्या जुन्या लुगड्याखाली निळा ड्रम. लाल पट्टा घासून घासून गुलाबी झालेला.

"बाबा, हा कुठला?"

"रस्त्यावरचा. समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी चार नेले. तुझ्या आईला शेकायला पाणी नको व्हय?"

"अर्ज तुम्हीच केला होता ना?"

"म्हणून तर एकच आणला."

आई खाटेवरून ओरडली, "अहो, तो आधी नेऊन ठेवा! मला शेक नको, मला गाडी येळंवर पायजे!"

ड्रममधलं पाणी बादल्यांत, पातेल्यांत, शेवटी पराती-वाट्यांत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून ड्रम गडगडत रस्त्यावर निघाले, मागं मी आणि माझ्या खांद्याला धरून आई. गॅलरीतून एकानं विचारलं, "विकायला काढला का काका?" वडिलांनी तो पट्ट्याच्या रेषेवर ठेवला, दोनदा मागं सरून सरळ केला. त्याच्या आडोशाला लगेच एक रिक्षा उभी राहिली. आम्ही औरंगपुऱ्यात पोचलो तेव्हा आईचा नंबर गेला होता.

दुपारी परत आलो तर ड्रम आमच्या दारात. धुतलेला, काठोकाठ भरलेला, वरून स्वच्छ फडकं. शेजारचे भाई घाम पुसत उभे होते.

"क्या अंकल, अच्छा-खासा ड्रम रोडपे छोड दिया? कोई भी उठाके ले जाता. आंटीके लिए टँकरसे भर दिया, एक घंटा लाईनमें खडा था."

वडील फडकं नीट करत "शुक्रिया" म्हणाले. त्या संध्याकाळी आईनं गुडघा त्याच पाण्यानं शेकला आणि बरं वाटतंय म्हणाली. ड्रम परत रस्त्यावर न्यायचं नाव मग कुणीच काढलं नाही.

दीड महिन्यात निम्मे दिवस आम्ही उशिरा पोचलो. शेवटच्या दिवशी बाईंनी आईचा पाय उचलून वाकवून बघितला, हळूच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता एवढाच वळेल, काकू."

आईनं विचारलं, "म्हंजी उद्यापासून यायला नको?"

"नको."

तिचा चेहरा खुलला. पुन्हा ती बस नाही, तो क्रांती चौक नाही, ते घड्याळ बघणं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मलाही हायसं वाटलं. आई आता खुर्चीवर बसून जेवते, आणि ताट वाढताना त्या दिवशी मला हायसं कसं वाटलं, याचाच मला राग येतो.