आतल्या कप्प्याचा फोटो

अमेरिकेत, पार्सिपनी गावात चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या त्या मराठी काकूंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईच्या साठीला मी ऑनलाइन मागवलेल्या डिझायनर पर्सचा पट्टा आखूड करायचा होता. आईने हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

काकूंनी पर्सचा वास घेतला, चेन दोनदा ओढली, आतला कप्पा उलटा करून पाहिला आणि पर्स आईच्या खांद्याला लावली. “शोभते हो तुम्हाला! आरशात बघा.”

आई आरशाकडे गेल्यावर हळूच म्हणाल्या, “नकली आहे. फोटोत दिसतं तेवढंच नीट शिवलंय. पुढच्या वेळी आधी आतल्या कप्प्याचा फोटो माग. नकलीवाले टाळाटाळ करतात.”

“मग रिटर्नच करते,” मी चिडून म्हणाले. त्यांनी नुसतं आरशाकडे बोट दाखवलं. आई एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने स्वतःला न्याहाळत होती.

चार दिवसांनी पर्स आणली. पट्टा आखूड झाला होता. आत हात घातला, तर अख्खं अस्तर नव्याने शिवलेलं. बारीक, सरळ टाके. मी सांगितलं नव्हतं. त्याही काही बोलल्या नव्हत्या.

आई अजून म्हणते, “बघ, ओरिजिनलची गोष्टच वेगळी!”

मी हो म्हणते. खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.