आण्णांचे झिंगे

आई गेल्यावर आण्णा अंबड तालुक्यातलं गाव सोडून जालन्याला माझ्याकडे राहायला आले. मी शाळेत शिकवते, नवरा एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात. दिवसभर आण्णा घरात एकटेच. टीव्हीत त्यांचा जीव रमेना. रमला तो हॉलमधल्या माझ्या तीन फुटी काचेच्या टाकीत.

टाकीत पाणवनस्पती, थोडे गप्पी मासे आणि दोन बांबू झिंगे होते. बोटाएवढे, तपकिरी. हा झिंगा शिकार करत नाही. फिल्टरच्या पाण्याचा जोर जिथं असतो तिथं लाकडावर ठाण मांडतो, पुढच्या पायांवरचे केसाळ पंखे उघडतो आणि वाहत्या पाण्यातले, त्यांत अडकलेले बारीक कण एकेक पंखा मिटून तोंडात घालतो. आण्णा खुर्ची ओढून तासन्‌तास बघत बसत.

"बिलकुल भांडत न्हाई कुणाशी," ते म्हणत. "पाण्यानं आणून दिलं तं खायचं, न्हाई तं उपाशी."

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. टाकीसाठीचं पाणी मी गच्चीवर निळ्या ड्रममध्ये साठवते. मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी नेहमीसारखं थोडं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही झिंगे प्रवाह सोडून खाली उतरले होते. एक वाळूवर आडवा पडून पाय झाडत होता. मासे मात्र मजेत.

पाणी बिघडलं असेल, म्हणून मी आणखी चार बादल्या बदलल्या. दुपारी पुन्हा दोन. आडवा पडलेला झिंगा संध्याकाळी गेला. मग झिंगे जिथून आणले होते त्या संभाजीनगरच्या दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, तांबं गेलंय का पाण्यात? माशांना चालतं, झिंग्याला एवढंसंही चालत नाही."

"तांबं कुठून जाणार? ड्रम प्लास्टिकचा आहे."

आण्णा शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाले, "मोरचूद म्हंजे तांबंच ना?"

मी त्यांच्याकडे वळले.

"परवा ड्रमच्या पाण्याला शेवाळ आल्तं. चिमूटभर टाकला म्या. हिरीत बी टाकायचो आपण. तुझी धावपळ बघून राह्यलो, म्हटलं तेवढंच काम हलकं होईल."

म्हणजे मी वाचवायला म्हणून जे ओतत होते ते तेच पाणी होतं. सहा बादल्या, माझ्या हातानं.

"मंग माझ्यामुळंच झालं."

"नाही आण्णा. ओतलं मी."

"टाकला कुणी?"



सकाळी दुसरा झिंगा जिवंत होता. नळाला अजून तीन दिवस होते. शेजारच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरे डाग पडतात. शेवटी पिण्याच्या पाण्याचा जार बादलीत ओतून झिंग्याला त्यात सोडलं. ते पाणी त्याला मानवेल का, ठाऊक नव्हतं. पाणी फिरवायला दुसरा पंपही घरात नव्हता. झिंगा बादलीच्या तळाशी, पंखे मिटून, निपचित.

"ह्याला वाहतं पाणी लागतं," आण्णा म्हणाले. जमिनीवर मांडी घालून बसले आणि पेल्यानं पाणी उचलून एका बाजूनं सोडू लागले. उचलायचं, सोडायचं. जेवायला उठले नाहीत. मी म्हटलं, मी बसते थोडा वेळ. मानेनंच नको म्हणाले.

चारच्या सुमारास झिंग्यानं एक पंखा उघडला.

"माय, बघ!" ते ओरडले. मी धावत आले. पंखा अर्धा उघडा राहिला, तसाच. तोंडाकडे गेला नाही. पेला मात्र चालूच होता. थोड्या वेळानं पाण्याबरोबर झिंगा नुसता इकडून तिकडे हलू लागला. मला कळलं होतं. त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.  ते अंधार पडेपर्यंत पाणी हलवत राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पिशवी भरली. "रान बघून येतो," म्हणाले. भाऊ गावातच असतो, अडवायला कारण सापडलं नाही. मी त्यांना बसमध्ये बसवून आले.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. पावसाचं विचारतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात, जावयाचं विचारतात. टाकीचं विचारत नाहीत. मीही तो विषय काढत नाही.