तलावाच्या पाळीवरचा माझा वाघ

माझ्या वाघाची शेपूट तलावाच्या पाळीएवढी लांब होती. पहिल्या वर्षी नव्हती. पहिल्या वर्षी तो साधा, गोऱ्ह्याएवढा वाघ होता आणि त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं होतं. पण रोवणीच्या ओळीत दिवसभर वाकून, चिखलात मागं मागं सरकत धान लावणाऱ्या चौदा बायांना कंबर विसरायला लावायची, तर एवढ्याशा वाघानं भागत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी तो गुरगुरला. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या नाकावर जेवणाचा डबा हाणला. पाचव्या वर्षी त्यानं माझी सायकल तोंडात धरून मोहाच्या झाडावर नेऊन ठेवली. दहाव्या वर्षी मी त्याला असं झापलं, की तो मान खाली घालून तलावात उतरला आणि पोहत पलीकडं गेला. बाया हसून हसून चिखलात बसायच्या, आणि तरी आमच्या टोळीची बांदी, म्हणजे धानाचं खाचर, शेजारच्या टोळीच्या आधी लावून व्हायची.

खरं एवढंच, की दिवेलागणीला पाळीवरून येताना बेशरमाच्या झुडपात बसलेली एक पिवळी गाय मला दिसली नाही. मी जाऊन तिच्यावर आदळले आणि सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वळलं. सायकल नवऱ्याची होती. घरी काहीतरी सांगायला हवं होतं.

बारा वर्षं या वाघानं कुणाचं वाकडं केलं नाही. मग शाळेचं पत्र आलं.

आमच्या गावची सरकारी शाळा सातवीपर्यंत. शिक्षक दोन, वर्ग सात. पत्रात होतं, की सहावी-सातवीचे वर्ग आता इथं राहणार नाहीत. आजूबाजूच्या चार गावांची वरच्या वर्गातली पोरं तलावापलीकडच्या मोठ्या गावात एका शाळेत बसतील, तिथं प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असेल. पाचवीपर्यंतची लहान पोरं तेवढी गावात. माझी पोरगी त्याच वर्षी सहावी पास होणार होती.

मोठं गाव पायी पाऊण तासावर. अर्धी वाट तलावाच्या पाळीवरून, अर्धी जंगलाच्या कडेनं. एसटी आमच्याकडं येते ती लाखांदूरच्या बाजूनं, म्हणजे उलट्या दिशेनं. मला मुलीला नातेवाइकाकडं ठेवायची नव्हती. माझी दहावी मी अड्याळला मामाकडं राहून केली. मामीच्या घरी मी घासलेली भांडी एकावर एक रचली असती तर वरच्या पातेल्यातून भंडारा दिसलं असतं. लेकीनं पुस्तकाच्या आधी दुसऱ्याची भांडी हातात घ्यावी, हे मला नको होतं. तेव्हा तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, ती वाट किंवा घर.

पालकांची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरांनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं, जसं काही ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग भांडण सुरू झालं. तलावात मासे धरणारा एक बाप उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. इथं एकच सर सहावीला गणित शिकवतात तेव्हा सातवी खिडकीतून त्याच्या जाळ्यातले मासे मोजत बसते. त्याच्या पोराला गणिताचा मास्तर पाहिजे होता, मग तो तलावापलीकडं असो की तलावात. दुकानवाले आजोबा म्हणाले, आज वरचे वर्ग गेले की उद्या खालचे जातील, आणि मग या गावात शिकायला फक्त रेशनच्या रांगेत उभं राहणं उरेल. एक जण म्हणाला पोरांना सायकली द्या. दुसरा म्हणाला सायकली कागदावर येतात आणि कागदावरच पंक्चर होतात. मला मासे धरणाऱ्याचंही पटत होतं आणि आजोबांचंही.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं माझ्याच टोळीतली एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "सायकली ठीक हाय जी. पण पाळीवरच्या वाघाचं काय?"

व्हरांड्यातली सगळी तोंडं माझ्याकडं वळली.

तेव्हाच मी गाईचं नाव घ्यायला हवं होतं. पण चौदा बाया माझ्याकडं असं कौतुकानं बघत होत्या, जसं काही मी त्यांच्यासाठी तो वाघ घरी बांधून ठेवला होता. सरांनी वही उघडली आणि ठिकाण विचारलं. मी ठिकाण सांगितलं. वाघाची उंची सांगितली. विचारलं नव्हतं तरी त्याच्या डाव्या कानाचा तुकडा गेलेला आहे हेही सांगितलं. पुरुष मंडळी खूष झाली. या वाघानं शाळा वाचते, म्हणत त्यांनी 'वर्ग हलवू नका' या ठरावात तो घालायला लावला. माझा वाघ पहिल्यांदा शाईनं लिहिला गेला आणि मी पदर सावरून खाली बसले.

घरी आल्यावर पोरगी म्हणाली, "मग मी सातवीले कुठं जाऊ, आई?"

मी भात चुलीवर ठेवला होता. तो करपला.

उन्हाळाभर माझ्या जिवाला घोर होता. तेंदूपत्त्याचे दिवस आले. आम्ही सगळ्या बाया उजाडायच्या आधी जंगलात शिरायचो, ओणव्या होऊन पानं तोडायचो, आणि तिथं खरोखरीचे वाघ आहेत हे वनरक्षक दर वर्षी येऊन सांगून जायचा. आमच्या स्वतःसाठी वाघ आम्हाला कधी आडवा आला नाही. पण पानांच्या जुड्या बांधताना जिच्या तिच्या तोंडी एकच, पोरीला त्या वाटेनं धाडायची नाही. पोरांचं मात्र ठरून गेलं होतं. त्यांच्या सायकलींना हवा भरून झाली होती. माझा वाघ फक्त पोरी खातो, हे मलाही तेव्हाच कळलं.

वरच्या वर्गांत जाणाऱ्या पोरी यंदा चार, चारही सातवीच्या. एकीची मामाकडं रवानगी ठरली. एकीची आई म्हणाली, सहावी काय कमी झाली, मी तर चौथी पास आहे. ते ऐकलं आणि माझ्या हातातली जुडी सुटली.

ठराव वर गेला आणि वरून उत्तर आलं, की वर्ग जाणारच. केंद्रप्रमुख स्वतः येऊन पालकांशी बोलतील. त्या सभेच्या आदल्या दिवशी पोरगी माझ्यासोबत विहिरीवर आली. बादली ओढता ओढता तिनं विचारलं, "आई, तो वाघ खरा होता का?"

आजवर ती गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती, पण हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, गाय होती. तिनं दोर गुंडाळला. हसली नाही, रागावलीही नाही. मग म्हणाली, "तर सांग ना सगळ्याइले."

एवढं सोपं असतं तर काय. माझा वाघ खोटा होता, पण जंगल खोटं नव्हतं. मी उभं राहून सांगायचं, वाघ नाही, धाडा पोरी. आणि उद्या त्या वळणावर माझ्या गोष्टीतला नसलेला, दोन्ही कान धड असलेला एखादा निघाला तर? ती रात्र मी कशीबशी काढली.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी आधी शाळेचं वर्णन केलं. प्रयोगशाळा, मोठं मैदान, मुलींसाठी वेगळा संडास. बाया ऐकत होत्या आणि मध्येच पाळीकडं बघत होत्या. शेवटी मी उठले. मी सांगितलं, की पाळीवर वाघ नव्हता, पिवळी गाय होती, मी सायकलनं तिच्यावर आदळले, आणि बारा वर्षं तुम्हाला थापा मारल्या.

मग मागून माझा नवरा म्हणाला, "म्हंजे चाक तू वाकवलं होतं?"

जी हसाहस झाली, तिनं शाळेची कौलं हलली. आणि त्या हसण्यातच माझं खरं बोलणं बुडालं. वाघाचा प्रश्न काढणारी तीच मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "पोरगी धाडाची हाय तर वाघाची गाय करून राहिली, बाई. आमाले काय येडं समजते का?"

बारा वर्षं मी सांगितलेली प्रत्येक थाप त्यांनी खरी मानली होती. एकदा खरं सांगितलं तर ती थाप निघाली. केंद्रप्रमुखांनी विचारलं, मुली कोण पाठवणार, हात वर करा. पोरांच्या बापांचे हात आधीच वर होते. पोरींसाठी एकच हात वर झाला. तो माझा होता, आणि तो वर धरून ठेवायला मला दुसऱ्या हाताचा आधार द्यावासा वाटत होता. एकटी पोरगी, ती वाट, पाऊण तास. मी काय करून बसले, हे हात खाली घेतानाच माझ्या लक्षात आलं.

आमच्या टोळीची म्होरकी एक म्हातारी मावशी आहे. रोवणीचे ठेके तीच ठरवते, कोणती बांदी आधी, कोणती मग, हेही तीच. त्या दोन्ही सभांमध्ये ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून तंबाखू चोळत बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी आम्ही दोघी धानाचे पऱ्हे बघायला गेलो. तिनं रोपांवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते गाय माही होती."

मी बांधावर खाली बसले.

"त्या दिवशी लंगडत घरी आली. पायाले सायकलच्या चाकाची आर लागली होती. तुह्या घरी चाक वाकडं, माह्या घरी गाय लंगडी. मले कायले समजत नाही?"

मी विचारलं, मग मावशी, सभेत काहून बोलल्या नाहीत? माझं कुणी ऐकलं नाही, तुमचं ऐकलं असतं.

"म्हणूनच बोलली नाही," मावशी म्हणाली. "तू खोटं बोलून मोकळी होतेस, बाई. मी खरं बोलली असती अन् पोरी गेल्या असत्या, अन् वाटेत काही झालं असतं, तर लोकं माह्या दारात उभे राहले असते."

मग ती म्हणाली, की यंदा तिनं पहिला ठेका पाळीपलीकडच्या बांद्यांचा घेतला आहे. टोळी स्वयंपाक करून निघते ती शाळेच्याच वेळेला, परतते तीही शाळा सुटल्यावर. तुझी पोरगी आमच्यामध्ये चालेल. फक्त एक काम माझ्याकडं. जंगलाच्या कडेनं चालायचं तर आवाज करत चालायचं, माणसांचा आवाज आला की जनावर वाट सोडतं. "अन् तुह्याएवढं मोठं तोंड टोळीत कोणाचं नाही."

तर असं ठरलं. पहिल्या दिवशी पंधरा बाया आणि मध्ये माझी एकटी पोरगी, दप्तर पोटाशी धरून. मी पुढं, वाघाची गोष्ट सांगत. अशी ओरडून सांगत होते, की पलीकडच्या गावातले लोक दारात येऊन उभे राहिले असतील. तिसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीनं आपली पोरगी आणली. तिची वेणी घट्ट केली आणि तिला मधल्या रांगेत सोडलं. आठवड्याभरात चौथी म्हणवणारीनंही आपली पोरगी आणली. तिघी झाल्या. मी रोज नवा वाघ काढायची. बेशरमाच्या झुडपाशी आलं की माझा आवाज आपोआप चढायचा आणि बायांचं हसणंही. पोरी शाळेच्या फाटकात शिरल्या की मी त्या दिसेनाशा होईपर्यंत उभी राहायची, आणि मावशी मागून म्हणायची, चाल, पऱ्हे वाळतात.

पण रोवणी काय, महिनाभराची. बांद्या एकामागून एक हिरव्या होत गेल्या. दर वर्षी शेवटची बांदी लागली की आम्ही एकमेकींना चिखल लावतो, दंगा करतो. यंदा मी शेवटच्या ओळीत हळू हळू लावत होते, एक एक रोप जसं काही सोन्याचं. मावशीनं बघितलं आणि ती आपल्या ओळीला वाकली.

दुसऱ्या दिवशी टोळी नव्हती. कापणीला अजून अडीच महिने होते. सकाळी मी डबा बांधला आणि माझ्या पोरीला घेऊन बाकी दोघींच्या दारात जाऊन हाक मारली. चौथी म्हणवणारी उंबऱ्यात उभी राहिली, माझ्या मागं बघत, जणू चौदा बाया अजून यायच्या आहेत. मग तिनं पोरीला पुढं केलं. तिघींना मध्ये घालता येत नाही, कारण मध्ये म्हणायला दोन टोकं लागतात. मी त्यांना पुढं घातलं आणि मागून गोष्ट सुरू केली. पोरींनी मधूनमधून मला दुरुस्त केलं, कान डावा होता, उजवा नाही. फाटकाशी माझी पोरगी वळली आणि म्हणाली, "आता तू एकटी जाशील?"

मी म्हणाले, वाघ मला ओळखतो.

ती आत गेली. मी पाळीवर आले. उजव्या हाताला तलाव, डाव्या हाताला झाडं, आणि माझं ऐकायला कोणी नाही. तरी मी मोठ्यानं बोलत निघाले. वाघाची गोष्ट एकटीनं सांगायला जीभ वळेना, म्हणून गाईची सुरू केली. दिवेलागणीची वेळ होती, सायकल नवऱ्याची होती, चाक असं वळलं, असं मी झाडांना सांगत होते. बेशरमाच्या झुडपाशी पोचले तेव्हा आत काहीतरी हललं. मी थांबले नाही, धावलेही नाही. गोष्ट अर्ध्यावर होती, तीच पुढं चालू ठेवली, फक्त आवाज चढवला. संध्याकाळी पाचला मला पुन्हा याच वाटेनं जायचं होतं.