फळ्यावरचं पोस्टपोन

सरकारी कचेरीत दोन गोष्टी न मागता साठतात. धूळ आणि किस्से. धूळ निदान मंत्री येणार असले की झाडतात. किस्से मात्र आम्ही निवृत्त होताना घरी घेऊन येतो. पेन्शनरांच्या चहाला गेलो की कुणीतरी म्हणतंच, "ते पोस्टपोनचं सांगा ना!" मग मी सांगतो. शेवटचा किस्सा तेवढा तिथं सांगत नाही. चहा बेचव होतो.

*

आमचं ऑफिस जमिनीच्या मोजणीचं. तिथं एक तरुण साहेब आले आणि त्यांनी आमचं इंग्रजी सुधारायचा विडा उचलला. दर सोमवारी डबे खाऊन झाले की फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद लिहायचं आणि प्रत्येकानं त्याचं वाक्य करायचं. पहिल्याच सोमवारी साहेबांनी ठळक अक्षरांत 'पोस्टपोन' लिहिलं. अर्थ सांगायची गरज पडली नाही.

जोशी उठले. "आय पोस्टपोन माय वर्क."

"वाक्य बरोबर, वागणं चूक!" साहेब म्हणाले.

शेखभाईंचं वाक्य तयारच होतं. "गव्हर्नमेंट पोस्टपोन्स, पब्लिक वेट्स!" टाळ्या पडल्या.

मग कन्नड तालुक्यातला गवांदे उठला. बुजरा माणूस, बोलताना खिशातलं पेन चाचपायचा. म्हणाला, "माय वाइफ्स ऑपरेशन इज पोस्टपोन्ड."

साहेब खूश! "व्हेरी गुड! ह्याला म्हणतात वाक्य."

गवांदेलाही टाळ्या मिळाल्या. कसलं ऑपरेशन, हे कुणी विचारलं नाही.

*

पुढच्या सोमवारी साहेबांना मीटिंग निघाली. त्याच्या पुढच्या सोमवारी त्या मीटिंगचा अहवाल. मग साहेबांची बदलीच झाली. ती मात्र वेळेवर!

शब्द फळ्यावर तसाच राहिला. ऑफिसला रंग द्यायला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे पुसायचं का?"

जोशी म्हणाले, "आत्ता नको. बघू नंतर."

रंगाऱ्यानं फळ्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवला.

*

पडेगावचे एक म्हातारबाबा प्लॉटच्या मोजणीसाठी चकरा मारायचे. बाकावर बसून फळ्याकडं बघत राहायचे. एकदा शेखभाईंना म्हणाले, "ते विंग्रजीत काय लिव्हलंय जी?"

"पोस्टपोन, बाबा. म्हणजे काम पुढं ढकलणं."

"असं व्हय! मला वाटलं, साहेबाचं नाव हाय!"

*

गवांदेच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्यांचं ऑपरेशन हृदयाच्या झडपेचं होतं, हे आम्हाला बिस्किटांमुळं कळलं.

वहिनींनी दवाखान्याची पिशवी भरून खाटेखाली ठेवली होती. टॉवेल, स्टीलचा पेला, साबण आणि सोबतीला बसणाऱ्यासाठी बिस्किटांचे पुडे. ऑपरेशन पुढं गेलं की त्या जुने पुडे काढून ताजे ठेवायच्या. जुने गवांदेबरोबर ऑफिसात यायचे. "चहासंगं खातील भाऊजी लोक," असा निरोप असायचा.

त्यानं टेबलावर पुडा ठेवला की आम्ही ओळखायचो.

"काय गवांदे, परत पोस्टपोन?"

"व्हय. पोराची बारावी हाय."

कधी इलेक्शन ड्यूटी लागायची आणि सगळ्यांच्या रजा रद्द. कधी डॉक्टरच परगावी. कधी गवांदेची आई म्हणायची, पितृपंधरवड्यात असलं काही नको. एकदा वहिनीच म्हणाल्या, उन्हाळ्याचे पापड तेवढे होऊ द्या. प्रत्येक कारण खरं होतं. बिस्किटंही बरी असायची, जरा मऊ पडलेली.

शेखभाई एकदा म्हणाले, "गवांदे, भाभीकू बोलो, अगले टाइम क्रीमवाले रखना!" आम्ही हसलो. गवांदेही हसला.

पुढच्या वेळी खरंच क्रीमवाले आले.

*

ऑफिसची अजिंठ्याची सहल दर हिवाळ्यात ठरायची आणि दर हिवाळ्यात पुढं जायची. शेवटी सोमवारी जोडून सुट्टी आली. जोशींनी दम भरला, "ह्या खेपेला पोस्टपोन नाही म्हणजे नाही!" त्या सोमवारी बायकापोरांसकट लेण्यांच्या पायथ्याशी, फर्दापूरला पोचलो.

बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही झोपेतसुद्धा सांगतो, वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. स्वतः निघताना एकालाही आठवलं नाही!

रस्त्याकडेला सतरंजी टाकून डबे खाल्ले. सगळे जोशींवर करवादत होते. एकट्या वहिनी खूश. दोन घासांच्या मधे थांबून, दम घेत म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, चढायचं वाचलं. चांगली झाले की येऊ."

*

पुढच्या दिवाळीनंतर गवांदे यायचा बंद झाला. फोनही बंद.

"हो गया लगता ऑपरेशन!" शेखभाई म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं. भेटायला जायचं ठरलं, सफरचंदं कुणी आणायची तेही ठरलं. त्या संध्याकाळी जोशींकडं पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. मग म्हटलं, रविवारी निवांत जाऊ. रविवारी नेमकं नळाला पाणी आलं. आमच्या शहरात पाण्याच्या दिवशी माणूस घर सोडत नाही.

सोमवारी गवांदेच आला. डोक्यावर टोपी, जी एरवी कधी नसायची. हातात ती पिशवी. तिच्यातून त्यानं पुडा काढून टेबलावर ठेवला. क्रीमवाला.

जोशींनी फाइलीतून मान वर न करता विचारलं, "काय गवांदे, परत पोस्टपोन?"

गवांदेनं पुडा फोडला आणि एकेकापुढं धरला.

"नाय," तो म्हणाला. "ह्या टायमाला कॅन्सल. घ्या."