आठ सारखे पोपट

शिवणक्लास चालवला की शिलाई कमी आणि किस्सेच जास्त जमतात. सत्तरच्या दशकात माझ्या कर्जतच्या क्लासात मी ‘कॅलिडोस्कोप गोधडी’ शिकवायला घेतली. ही दुर्बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे!

जत्रेतल्या नळीला डोळा लावला की काचांची नक्षी दिसते ना, तशी कापडाची करायची. छापील कापडावरचं एकच चित्र आठ वेळा, अगदी सारखंच, त्रिकोणात कापायचं आणि टोकं मध्ये जुळवून गोल शिवायचा. एवढंच! पण एवढंच समजावताना माझा घसा बसला.

*

पहिल्याच दिवशी एकजण बारीक ठिपक्यांचं कापड घेऊन आली. का, तर “मळत नाही हो, बाई!” शिवून झाल्यावर नक्षी कसली दिसली? ठिपक्यांची! मी म्हटलं, “मोठं चित्र आणा गं! फूल, पक्षी, काहीही!”

मग सगळ्याजणी बाजारातल्या एकाच दुकानात. शेठ ठाण उलगडतायत आणि या पोपट मोजतायत. शेठ माझ्यावरच उखडले, “बाई, मी कापड मीटरवर विकतो, पोपटावर नाही!”

*

मालतीबाईंना एकसारखे पोपट कंटाळवाणे वाटले. त्यांनी एक उडता घेतला, एक पेरू खाणारा, एक मान वळवलेला. जोडलं तर पोपटांची ग्रामसभा! उसवायला लावलं. पुन्हा कापले, ते उलटे. मधोमध आठ शेपट्या आणि चोची बाहेर! त्या दिवशी मी क्लास लवकर सोडला.

*

पण खरा ताप झाला कडावच्या हौसाच्या गोधडीचा. तिची लेक माहेरी बाळंत झालेली, बारसं आठवड्यावर. बाळासाठी हौसाने पोपटांचं कापड अगदी बरोब्बर निवडलं. मी खूश! दुसऱ्या दिवशी बघते तर हात रिकामे, डोळे भरलेले.

“सासूनं कापड पेटीत टाकलं, बाई. म्हनते, कोरं कापड बाळाखाली घालायचं नाय. जुन्या लुगड्याचीच गोधडी पायजे.”

“अगं, मग धुऊन घे की!”

“सांगितलं. म्हनते, अंगाला लागल्याबिगर जुनं व्हत नाय.”

“जुन्या लुगड्यावर मी आठ पोपट कुठून आणू?” मी ओरडले. हौसा रडायलाच लागली. मग मलाच वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या आवडीचं काही करत होती.

त्यानंतर ती क्लासाला फिरकली नाही. बारसं तोंडावर आलं, मी आशा सोडली.

एका दुपारी दारात तिची सासू उभी! सत्तरीची म्हातारी, आणि लुगड्यावरून अंगभर हिरवे पोपट गुंडाळलेले. मागे हौसा, हसू दाबायला तोंडात पदर कोंबून. म्हातारीने कापड सोडून माझ्या टेबलावर टाकलं.

“घे, बाई. चार दिस ह्यातच शेन काढलं, भात कांडलं. आज यष्टीतनं आले, समदी बघत व्हती. आता नाय कोरं राहिलं. काप!”

मी कात्री उचलली, तर तिने माझा हात धरला.

“बसायच्या जागंचे नको गं. पणतवाला खांद्यावरचे पोपट दे.”