परवाना माझ्या नावाचा, खुर्ची बन्सीची

मी, रंगनाथ किसनराव, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, जुना जालना येथील धान्याच्या आडत दुकानाचा मालक, ज्येष्ठ नागरिक मंडळातील सभासदांपुढे आजचा प्रसंग सत्य सांगत आहे. टंकलेखन सूनबाई करीत आहे.

दुकानासाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्यावयाचे होते. विक्रेता म्हणाला, "माणशी एक लायसन लागतं. माणसं कमी, तर खर्चा कमी. नावं सांगा."

मुलगा सुरेशने तीन नावे सांगितली. स्वतःचे, सूनबाईचे आणि मुनीम बन्सीचे. माझे नाही!

ज्या बन्सीला तराजू धरावयास मी शिकविले, त्याचे नाव पडद्यावर झळकावे, हे मला सहन झाले नाही.

"माझं नाव टाका," मी म्हणालो.

"आबा, तुम्ही माउसला हात लावत न्हाई," सुरेश म्हणाला. "चौथं लायसन बिलकुल परवडत न्हाई."

"मंग बन्सीचं काढा."

बन्सीच म्हणाला, "टाका मालकाचं. मी त्याच्यावरच काम करतो."

सायंकाळी त्याने संगणक सुरू केला. पडद्यावर माझे नाव उमटले आणि माझी छाती फुगली. इतक्यात केदारखेड्याहून मका घेऊन आलेला शेतकरी म्हणाला, "बन्सीशेठ, आमची हिशेबपट्टी जल्दी काढा."

बन्सीशेठ! पडद्याकडे त्या शेतकऱ्याने पाहिलेही नाही.

सभासदहो, नाव मिळवूनही जीव असा का जळावा?

समक्ष हजर: मुलगा सुरेश, सूनबाई, विक्रेता, शेतकरी. बन्सीचे नाव घालू का, असे सूनबाई विचारीत आहे. घालू नये.